एकविसाव्या दिवसाचं रक्त

मागच्या वर्षी आमच्या गल्लीतले एक आबा सकाळी सकाळी दारात येऊन उभे राहिले. हातात मेडिकलमधली पट्टी, बायका दिवस गेलेत का हे घरच्या घरी बघतात ती. म्हणाले, “जर्शीचं मूत धरलं, पट्टी बुडवली, एकच रेघ उठली. म्हणजे खालीच शे ना भो?”

मी जळगावला रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये बारा वर्षं नळ्या हाताळल्या, आणि यावल तालुक्यात घरी दावणीला जनावरं आहेत. म्हणून असले प्रश्न गावात माझ्याकडे येतात. आबांना सांगितलं, गाय गाभण असती तरी एकच रेघ उठली असती, खाली असती तरी एकच. पोळ्याचा बैल असता तरी एकच. आबा हसले, पण पट्टीचे पैसे गेल्याचं दुःख चेहऱ्यावर होतंच.

ती पट्टी एचसीजी नावाचं हार्मोन शोधते. बाईच्या पोटात गर्भ रुजला की त्याच्याभोवतीच्या पेशी, ज्यांची पुढे वार (प्लॅसेंटा) होते, हे हार्मोन बनवू लागतात. ते रक्तात येतं, लघवीत उतरतं, आणि पट्टीवर दुसरी रेघ उठते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांचा गर्भ असं हार्मोन बनवतच नाही. पट्टी खोटी नव्हती, तिला विचारलेला प्रश्न चुकीच्या घरचा होता.

मग गाईला काय विचारायचं? त्यासाठी आधी २१ दिवसांचं गणित समजून घ्यावं लागतं.

पोटातला रखवालदार

गाय माजावर येते, हंबरते, बळस (चिकट स्राव) टाकते, आपण तिला भरवतो. हा दिवस शून्य धरू. माज ओसरल्यावर काही तासांनी अंडाशयातून बीज सुटतं, आणि जिथून ते सुटलं तिथेच पुढच्या चार-पाच दिवसांत सुपारीएवढा पिवळसर गोळा तयार होतो. याला पीतपिंड म्हणतात. हा गोळा प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन रक्तात सोडतो. त्याचं काम रखवालदाराचं: गर्भपिशवी शांत ठेवायची, तिचं अस्तर गर्भाला पोसण्याजोगं करायचं आणि नवा माज येऊ द्यायचा नाही. बीज फळलं की नाही हे पीतपिंडाला ठाऊक नसतं. ते दोन्ही वेळा सारखंच तयार होतं, आणि पहिले १५ दिवस प्रोजेस्टेरॉनही दोन्ही वेळा सारखंच चढतं. म्हणून दहाव्या किंवा बाराव्या दिवशी रक्त काढून काही कळत नाही. घाई करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

फरक पडतो १६-१७ व्या दिवसाच्या सुमारास. गर्भपिशवी जणू चाहूल घेते. आत कोणी नसेल तर ती प्रोस्टाग्लँडिन सोडते, त्याने पीतपिंड दोन-तीन दिवसांत विरघळतं, प्रोजेस्टेरॉन खाली येतं आणि २१ व्या दिवसाच्या मागेपुढे गाय पुन्हा माजावर येते. आपण म्हणतो, गाय उलटली.

आत गर्भ असेल तर तो यावेळी दोऱ्यासारखा लांब वाढलेला असतो, आणि एक निरोप सोडतो. त्या पदार्थाचं नाव इंटरफेरॉन-टाऊ. गाय, म्हैस, शेळी, मेंढी अशा रवंथ करणाऱ्यांची ही खास खूण. निरोप पोहोचला की प्रोस्टाग्लँडिनची लाट थांबते, पीतपिंड जगतं, प्रोजेस्टेरॉन चढंच राहतं आणि माज येत नाही. एवढासा दोरा आपल्या आईच्या गर्भपिशवीला ‘थांब’ म्हणतो आणि ती थांबते. मला या विषयातली ही गोष्ट सगळ्यात आवडते.

आता २१ व्या दिवशी रक्त काढून प्रोजेस्टेरॉन मोजलं तर? एका मिलिलिटरला एक नॅनोग्रॅमच्या खाली आकडा आला तर पीतपिंड गेलेलं आहे. पीतपिंडाशिवाय या दिवसांत गर्भ टिकत नाही, म्हणजे गाय खाली. आकडा दोनच्या वर असेल तर पीतपिंड जिवंत आहे. मधला आकडा आला तर शंका. तेव्हा थोडे दिवस थांबून पुढची तपासणी करावी.

मी मुद्दाम ‘पीतपिंड जिवंत आहे’ असं लिहिलं, ‘गाय गाभण आहे’ असं नाही. ही चाचणी पोटात वासरू आहे का हे विचारतच नाही. ती विचारते, रखवालदार कामावर आहे का? रखवालदार नसेल तर घर रिकामंच. पण रखवालदार दिसला म्हणजे आत माणसं आहेतच असं कुठे असतं? म्हणून या चाचणीचं ‘नाही’ जवळजवळ शंभर टक्के खरं असतं, आणि ‘हो’ मात्र शंभरातल्या साधारण ७५ ते ८५ वेळाच खरं ठरतं.

‘हो’ का फसवतं

सगळ्यात नेहमीचं कारण तारीख. समजा गाय खरी माजावर नव्हती. शेजारच्या गाईवर चढली, म्हणून आपण घाईने भरवून घेतली. प्रत्यक्षात ती दोन माजांच्या मध्यावर होती. तिथून २१ दिवस मोजले तर ती पुन्हा मध्यावरच येते, जिथे प्रोजेस्टेरॉन चढंच असतं. रिपोर्ट म्हणतो गाभण, आणि गाईने रेत घेतलेलंच नसतं.

यावर एक साधा उपाय आहे, तो फारसा कोणी करत नाही. भरवायच्या दिवशीसुद्धा रक्ताचा किंवा दुधाचा एक नमुना घ्यायचा. खरा माज असेल तर त्या दिवशी प्रोजेस्टेरॉन तळाला असतं. पहिला नमुना खाली आणि २१ व्या दिवसाचा वर, तर ‘हो’वर बराच भरवसा ठेवता येतो. पहिलाच नमुना वर असेल तर गाय चुकीच्या दिवशी भरवली गेली, आणि दोष रेतात किंवा गाईत शोधण्यात अर्थ नाही. वारंवार उलटणाऱ्या जनावरांत हा पहिल्या दिवसाचा नमुना मला २१ व्या दिवसाच्या नमुन्याइतकाच मोलाचा वाटतो. कितीतरी ‘उलटणाऱ्या’ गाई आजारी नसतात, त्यांच्या मालकाचं घड्याळ चुकलेलं असतं.

दुसरं कारण गर्भपिशवीतला पू. व्याल्यानंतर वार अडकली, आत घाण राहिली, पू साचला तर गर्भपिशवीला चाहूल नीट घेता येत नाही, पीतपिंड तसंच राहतं आणि प्रोजेस्टेरॉन चढं दिसतं. काही वेळा अंडाशयावर गाठ होते, तीही हे हार्मोन सोडत बसते. काही गाईंचं चक्र २१ ऐवजी २४ दिवसांचं असतं, त्यांचं पीतपिंड २१ व्या दिवशी अजून विरघळायचं असतं.

आणि एक कारण असं की चाचणी खरं बोलली, पण पुढे गर्भ गेला. पहिल्या दीड महिन्यात बरेच गर्भ आतल्या आत जिरून जातात. गाभडल्यासारखं बाहेर काही दिसत नाही, गाय ३५ व्या नाहीतर ४० व्या दिवशी अवेळी माजावर येते, बस. २१ व्या दिवशी गर्भ होता, म्हणून रिपोर्ट ‘हो’ आला. त्यात लॅबचं काही चुकलेलं नसतं.

शेततळ्यात एक ग्रॅम

नॅनोग्रॅम म्हणजे किती, हे डोळ्यांपुढे आणायचं तर केळीच्या बागेजवळचं दहा लाख लिटरचं शेततळं घ्या. त्यात एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर साखर विरघळवा. आता त्या पाण्यात एका मिलिलिटरला एक नॅनोग्रॅम साखर आहे. गाभण गाय आणि खाली गाय यांच्यातला फरक अशा दोन-चार चिमट्यांचा. जीभ, डोळा, साधं रसायन, कशालाही तो कळत नाही.

तो मोजण्याची युक्ती न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी इन्सुलिनसाठी काढली. तिचं नाव रेडिओइम्युनोअसे. या कामासाठी यालो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं, बर्सन तोवर वारले होते. त्यात किरणोत्सर्गी पदार्थ लागतो, म्हणून ती मोठ्या संस्थांतच राहिली. १९७१ मध्ये स्वीडनमध्ये एलायझा आली. तिच्यात किरणांच्या जागी रंग असतो, आणि त्यामुळे ही तपासणी तालुक्याच्या लॅबपर्यंत येऊ शकली.

एलायझा कशी चालते ते एसटीच्या हिशेबाने सांगतो. जळगाव-धुळे गाडीत ४० जागा आहेत असं समजा. लॅबवाले स्टँडवर ठरावीक माणसं लाल फेटा बांधून उभी करतात. ही खूण लावलेली प्रोजेस्टेरॉनं. त्याच गर्दीत आपल्या गाईच्या रक्तातली बिनफेट्याची प्रोजेस्टेरॉनं सोडतात. गाडी आली की सगळे एकदम चढतात, ज्याला जागा मिळाली तो बसला, बाकीचे खाली. मग गाडीत लाल फेटे किती हे बघायचं. गाईच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन भरपूर असेल तर बिनफेट्यांनीच जागा धरल्या, लाल कमी दिसणार. रक्तात ते नसेल तर गाडी लालेलाल.

म्हणजे या चाचणीत रंग गडद आला तर गाय खाली, फिका आला तर गाभण असण्याची शक्यता. नवख्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. लॅबमधून फोनवर “रंग चांगला आलाय” असं ऐकून पेढे वाटायला निघालेले लोक मी पाहिलेत. रंग नको, आकडा मागा.

आकड्यातही एक खाच आहे. काही यंत्रं नॅनोग्रॅमऐवजी नॅनोमोलमध्ये उत्तर छापतात. तो आकडा ३.१८ ने भागला की नॅनोग्रॅम निघतं. रिपोर्टवर ३ दिसलं आणि एकक नॅनोमोल असेल तर खरा आकडा एकच्याही खाली आहे, गाय खाली आहे.

इथे माणसांच्या लॅबचाही प्रश्न येतो. एचसीजीची पट्टी गाईला चालत नाही, मग प्रोजेस्टेरॉनची तपासणी माणसांच्या लॅबमध्ये चालेल का? तत्त्वतः चालते. प्रोजेस्टेरॉनचा रेणू बाईत, गाईत, शेळीत, घोडीत अगदी एकच असतो, तीळभर फरक नाही. पण रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली ‘नॉर्मल रेंज’ बायकांची असते, ती डोळे झाकून सोडून द्यायची. आणि त्या लॅबला गाईच्या रक्ताची एक खोड बहुतेक ठाऊक नसते. मलाही नव्हती, आणि ती मला माझ्याच गोठ्यात शिकावी लागली.

मे महिन्यातली नळी

आखाजीच्या सुमारास आमची संकरित गाय भरवली होती. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी तिच्या मानेच्या शिरेतून पाच मिली रक्त काढून नळी माझ्या हातात दिली. “बर्फात ने,” म्हणाले. बर्फ आणायला मागे कोण फिरणार? मी नळी मोटारसायकलच्या डिक्कीत टाकली, ऊन ४४ अंशांचं. वाटेत फैजपूरला थांबून रसवंतीवर रस प्यालो, ओळखीचा एक भेटला, तासभर गेला. लॅबला पोहोचेपर्यंत नळी हाताला गरम लागत होती. माणसांच्या नळ्या आम्ही इतक्या वर्षांत कितीदा अशाच आणल्या, काही बिघडलं नव्हतं. संध्याकाळी रिपोर्ट आला: ०.७. गाय खाली.

गाईच्या रक्ताची खोड अशी की तिच्या तांबड्या पेशी नळीत गेल्यावरही प्रोजेस्टेरॉनला सोडत नाहीत, त्याचं दुसऱ्या पदार्थात रूपांतर करत राहतात. थंडीत हे काम हळू चालतं, उन्हात झपाट्याने. नळी जितकी तापेल आणि पेशी रक्तजलात जितका वेळ राहतील तितका आकडा घसरत जातो. गाईच्या अंगात प्रोजेस्टेरॉन चांगलं चारचं असलं तरी डिक्कीतल्या नळीत ते एकच्या खाली येऊ शकतं.

आता मघाचं वाक्य पुन्हा वाचा: या चाचणीचं ‘नाही’ जवळजवळ शंभर टक्के खरं असतं. ते नळी थंड ठेवली तरच. खानदेशच्या उन्हाळ्यात निष्काळजीपणे नेलेल्या नळीमुळे चाचणीची खात्रीची बाजूच कच्ची होते, आणि त्यातून होणारी चूक साधी नसते. गाय खाली समजून कोणी तिला माजावर आणायचं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं, तर जिवंत पीतपिंड विरघळतं आणि पोटातला गर्भ जातो.

आमची गाय वाचली ती डॉक्टरांमुळे. दोन दिवसांनी त्यांनी शेणाच्या वाटेने हात घालून बघितलं. अंडाशयावर पीतपिंड चांगलं हाताला लागत होतं. म्हणाले, “रिपोर्ट म्हणतो प्रोजेस्टेरॉन नाही, आणि ते बनवणारा गोळा तर इथे बसलाय. दोघांतला एक खोटं बोलतोय. नळी कशी नेली?” मी डिक्कीचं सांगितलं. त्यांनी इंजेक्शनची बाटली परत पेटीत ठेवली.

म्हणून रक्त नेतानाच्या गोष्टी जरा खोलात सांगतो. रक्त न गोठणारी नळी घ्यावी, म्हणजे गोठायची वाट बघत तासभर घालवावा लागत नाही. काढल्या काढल्या नळी बर्फाच्या पाण्यात उभी करावी. नुसत्या बर्फाच्या खड्यावर टेकवून ठेवली तर रक्त एका बाजूने बर्फासारखं थिजून पेशी फुटतात. कुल्फीवाल्याकडचा थर्मास चालतो, लसीचा डबा मिळाला तर उत्तमच. शक्य तितक्या लवकर, तासा-दोन तासांत, यंत्रात फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं करावं. एकदा ते पेशींपासून सुटलं की धोका टळला, मग फ्रीजरमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी तपासलं तरी चालतं. आणि नळीवर चिठ्ठी: जनावराचा कानातला नंबर, भरवल्याची तारीख, रक्त काढल्याची तारीख आणि वेळ. ‘गाय, पांढरी’ एवढंच लिहून आलेल्या नळीचं लॅबने काय करायचं?

हा सगळा खटाटोप नको असेल तर दूध आहे. प्रोजेस्टेरॉन स्निग्धात विरघळतं, म्हणून दुधात ते रक्तापेक्षाही जास्त मिळतं, म्हशीच्या दाट दुधात तर नक्कीच. दुधात तांबड्या पेशींची भानगड नाही, सुई नाही, जनावर बुजत नाही. मात्र दुधाचा आकडा रक्ताच्या मापाने वाचायचा नाही, दोघांच्या रेषा वेगळ्या. धारेची सुरुवात आणि शेवट यांत स्निग्धांश वेगळा असतो, तर नमुना दर वेळी एकाच टप्प्यावरचा घ्यावा. कालवड किंवा वगार मात्र दूध देत नाही, तिथे रक्तालाच पर्याय नाही.

कोणाला फायदा

रोज पहाटे आणि दिवेलागणीला गोठ्यात बसून माज बघणाऱ्या दोन गाईंच्या मालकाला ही चाचणी फारशी नवी गोष्ट सांगत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. गाय उलटली की त्याला डोळ्यांनीच दिसतं. शिवाय रिपोर्ट यायला दोन दिवस लागले तर २१ व्या दिवसाचा माज हातून गेलेलाच असतो. उपयोग एवढाच की ४२ व्या दिवसाच्या आसपास डोळ्यांत तेल घालून बसायचं हे कळतं.

खरा फायदा म्हशीत. म्हशीचा माज मुका. ती गाईसारखी ओरडत नाही, दुसरीवर चढत नाही, आणि उन्हाळ्यात तर माज आला कधी गेला कधी पत्ताही लागू देत नाही. भरवून दोन महिने झाले, माज दिसला नाही, म्हणून मालक खुशीत, आणि तिसऱ्या महिन्यात हात घातला तर पिशवी रिकामी. हिशेबापुरतं धरू की अशा भाकड म्हशीवर ढेप, कुट्टी, कडबा मिळून दिवसाला दोनशे रुपये जातात. ९० दिवसांचे अठरा हजार झाले. तीच म्हैस २२-२४ व्या दिवशी ‘खाली’ कळली असती तर त्या ९० दिवसांत तिला आणखी दोन-तीनदा भरवून बघता आली असती. म्हशीत नमुना गाईपेक्षा एक-दोन दिवस पुढे घेतात तो त्यांच्या चक्राच्या अनियमितपणामुळे.

याच्या उलटही होतं. काही गाभण गाई माज दाखवतात. मालक पुन्हा भरवायला नेतो, रेताची कांडी गर्भपिशवीत गेली की गर्भाला धोका. अशा शंकेच्या वेळी प्रोजेस्टेरॉन चढं दिसलं तर कांडी बाहेरच राहते.

वासराची खरी खूण

‘हो’ पक्कं करायचं तर पीतपिंडाच्या पुढे जाऊन गर्भाचीच खूण शोधावी लागते. गाईच्या वारेतल्या दोन केंद्रकांच्या पेशी एक प्रथिन बनवून आईच्या रक्तात सोडतात. त्याला पीएजी म्हणतात. हे हार्मोन नाही, पण त्याच रक्तातून, तशाच एलायझाने मोजलं जातं. फक्त इथे एसटीचा हिशेब उलटा: रंग गडद म्हणजे गाभण. भरवल्यापासून २८ दिवसांनी ते भरवशाने सापडतं आणि पीतपिंडाशी त्याचा संबंध नसल्याने पू किंवा चुकलेली तारीख त्याला फसवत नाही. एक पथ्य मात्र आहे. मागच्या वेताचं पीएजी व्याल्यानंतर दोन-तीन महिने रक्तात रेंगाळतं. नुकत्याच व्यालेल्या गाईचं रक्त तपासलं तर मागच्याच वासराची साक्ष मिळते.

२८-३० दिवसांनी सोनोग्राफी होते, त्यात गर्भाचं हृदय हलताना दिसतं. हात घालून तपासणी साधारण ६० दिवसांनंतर, आणि तिची जागा कोणत्याही रिपोर्टने घेऊ नये. लवकर ‘हो’ आलेली गाय साठ दिवसांनी पुन्हा बघायचीच, मधे गर्भ जिरलेला असू शकतो.

शेळीत हात घालता येत नाही, म्हणून तिथे रक्ताचं महत्त्व जास्त. साक्री-धुळ्याकडचे ठेलारी मेंढपाळ किंवा सातपुड्याच्या पायथ्याला शेळ्या पाळणारे लोक पोट बघून आणि कास बघून सांगतात, ते बहुतेक वेळा बरोबरही असतं, पण तोवर पाच महिन्यांतले तीन-साडेतीन गेलेले असतात. शेळीचं एक वेगळं नाटक आहे: खोटा गाभ. गर्भपिशवीत नुसतं पाणी साचतं, पोट वाढतं, पीतपिंड महिनोन्महिने टिकतं, प्रोजेस्टेरॉन खणखणीत चढं, आणि एके दिवशी पाणी सांडून शेळी मोकळी. करडू नाहीच. तिथे पीएजी किंवा ५० दिवसांनंतर इस्ट्रोन सल्फेट नावाचं हार्मोन तपासलं की खरं-खोटं निघतं, कारण या दोन्ही गोष्टींना जिवंत गर्भ आणि वार लागते.

घोडीची गोष्ट याच्या बरोबर उलट. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तिथे ‘गाभण आहे’ या दोन शब्दांवर घोडीची किंमत हलते. घोडीचा गर्भ बाईसारखंच एक हार्मोन बनवतो, ईसीजी नावाचं. हृदयाचा ईसीजी नव्हे. १९३० मध्ये कॅलिफोर्नियात कोल आणि हार्ट यांनी ते शोधलं. साधारण ४० ते १२० दिवसांत ते रक्तात भरपूर असतं. पण ते बनवणाऱ्या गर्भाच्या पेशी आईच्या गर्भपिशवीत घुसून तिथेच बस्तान बसवतात, आणि शिंगरू मेलं तरी त्या आपलं काम करत राहतात. रिपोर्ट ‘हो’, पोट रिकामं. यात्रेत कोणी दोन महिन्यांपूर्वीचा कागद दाखवून घोडी विकत असेल तर आधी सोनोग्राफी मागावी.

घरगुती उपायांपैकी गव्हाचा एक ऐकण्यात येतो. गाईचं मूत पाण्यात पातळ करून त्यात गहू भिजवायचे, गाभण गाईच्या मुतात ते कमी उगवतात म्हणे. हे पूर्ण थोतांड नाही, गाभण गाईचं मूत अंकुर खरंच दाबतं असं तपासणाऱ्यांना दिसलेलं आहे. पण गहू जुना असेल, मूत दाट असेल, पाणी खारं असेल तरी अंकुर दबतोच, आणि उत्तर यायला पाच दिवस जातात. मी तरी त्या गव्हावर इंजेक्शनचा निर्णय सोडणार नाही.

आमच्या त्या गाईला ६० व्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा हात घालून बघितलं. एक शिंग दुसऱ्यापेक्षा जाड लागलं, म्हणजे गर्भपिशवीचं शिंग, डोक्यावरचं नव्हे. माघात ती व्याली, कालवड झाली. पोरांनी तिचं नाव ‘डिक्की’ ठेवलंय, आणि मला ते रोज धारेच्या वेळी ऐकावं लागतं.